शिवणीतली माया

माझ्या भाचीचे लग्न ठरले तेव्हा स्वागतसमारंभासाठी तिला 'फिफ्टीज लुक' हवा होता. मोबाइलमध्ये तिने वीसेक छायाचित्रे जमवली होती. त्यांत नूतन होती, मधुबाला होती, ऑड्रे हेपबर्न होती आणि या तिघींसारखे दिसण्याचा खर्चिक प्रयत्न केलेल्या आजच्या काही नट्याही होत्या. "मावशी, आजीचा एखादा ब्लाउज असेल ना तुझ्याकडे? नमुन्याला दे," ती म्हणाली. आईचे लग्न १९५७ सालचे. तिच्या ट्रंकेत त्या काळातले पाच ब्लाउज अजून आहेत. त्यांतला एक फिका गुलाबी, पॉपलीनचा, कोपरापर्यंत बाह्यांचा ब्लाउज घेऊन आम्ही दोघी दादरला एका म्हाताऱ्या मास्तरांकडे गेलो.

मास्तरांनी ब्लाउज हातात घेतला आणि आधी उलटा केला. गळा, बाही, टक्स, ज्यासाठी आम्ही गेलो होतो त्यांतले काहीच त्यांनी पाहिले नाही. बाजूच्या शिवणीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "ताई, एवढी माया आता कोण सोडतं?"

शिवणकामातली माया कोणती हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. तरीही शहरातल्या तरुण वाचकांपैकी काहींना हा शब्द फक्त ममतेचा किंवा दोन नंबरच्या पैशाचा वाटत असेल, म्हणून सांगते. कपडा बेतताना शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवतात ती माया. अंग भरले की टीप उसवायची आणि त्या राखीव कापडातून कपडा सैल करायचा. आईच्या ब्लाउजच्या कडेला जुन्या टिपांच्या सुईच्या खुणा दिसत होत्या, एकीबाहेर एक अशा. पहिली टीप १९५७ची, दुसरी माझ्या जन्मानंतरची, तिसरी धाकट्या बहिणीच्या जन्मानंतरची. आणि तरीही आत बोटभर कापड शिल्लक होते.

मी तीस वर्षे मुलींना शिवणकाम आणि वस्त्रशास्त्र शिकवले. विसाव्या शतकाच्या मध्यावरची वेशभूषा परत आली, परत आली, हे मी किमान तीनदा ऐकले आहे. मास्तरांच्या त्या वाक्यानंतर मला प्रथमच असे स्पष्ट दिसले की ती परत येते ती कपड्याच्या सुलट्या बाजूने. उलट्या बाजूला जे होते ते परत आलेले नाही. जे आले नाही त्याची मोजदाद कोणी तरी करायला हवी.

सुरुवात पॅरिसपासून करावी लागते, कारण 'फिफ्टीज लुक' म्हणून जगभर जी आकृती विकली जाते ती मुळात तिथली आहे. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी ३०, अव्हेन्यू माँतेन या पत्त्यावर ख्रिस्तियाँ दिओर याने आपले पहिले प्रदर्शन मांडले. उतरते गोल खांदे, उठावदार छाती, करकचून आवळलेली कंबर आणि तिच्याखाली पोटरीच्या निम्म्यापर्यंत उतरणारा प्रचंड घेर. दिओरने त्याला फुलाच्या पाकळ्यांच्या वलयाचे नाव दिले होते. 'हार्पर्स बझार'ची संपादिका कार्मेल स्नो हिने त्याला 'न्यू लुक' म्हटले आणि तेच नाव चिकटले.

त्यातली 'न्यू' ही गोष्ट मात्र जरा तपासून घ्यावी. ती कंबर नवी नव्हती. दिओरच्या लहानपणी त्याच्या आईच्या पिढीने जे घातले होते, पहिल्या महायुद्धापूर्वीचे, त्याचीच ती आठवण होती. युद्धकाळात चौकोनी खांद्यांच्या, आखूड, तुटपुंज्या कापडाच्या पोषाखात वावरलेल्या बायकांना त्याने त्यांच्या आज्यांची आकृती परत दिली. म्हणजे आज आपण ज्या शैलीचे पुनरागमन साजरे करतो ती स्वतःच एक पुनरागमन होती. पण दिओरने आकृतीबरोबर तंत्रही परत आणले. कापडाला आतून पर्केल किंवा तलम टाफेटाचे अस्तर लावून त्याला उभे करायचे, ही विसरली गेलेली जुनी रीत त्याने मुद्दाम पुन्हा सुरू केली. त्याचे झगे आतून बांधलेले असत. घराला पाया असतो तसा.

आणि कापड! एकेका पोषाखाला पंधरा-वीस वार. (नऊवारी नेसणाऱ्या आपल्या आज्यांना याचे फार कौतुक वाटले नसते, हा भाग वेगळा.) इंग्लंडमध्ये कपड्यांचे रेशनिंग जून १९४१ मध्ये सुरू झाले होते आणि ते मार्च १९४९ पर्यंत चालू राहिले. किती चुण्या, किती खिसे, किती बटणे यांचेही तिथे नियम होते. तिथल्या व्यापारखात्याचा मंत्री या लांब स्कर्टांवर भडकला आणि देशाचे कापड वाचवायला स्कर्ट आखूडच राहावेत असा आग्रह धरून बसला. हा मंत्री म्हणजे १९४२ साली आपल्याकडे स्वराज्याची योजना घेऊन आलेले सर स्टॅफर्ड क्रिप्स. दोन्ही ठिकाणी त्यांना यश आले नाही. खुद्द पॅरिसमध्ये, माँमार्त्रच्या बाजारात छायाचित्रांसाठी उभ्या केलेल्या मॉडेलच्या अंगावरचा हा पोषाख तिथल्या बायकांनी ओढून फाडला. मुलांना दूध मिळत नव्हते अशा दिवसांत एकीच्या अंगावर वीस वार कापड पाहून त्यांचा तोल गेला. त्या घेराचा अर्थ त्या वेळी रस्त्यावरच्या कोणत्याही बाईला कळत होता. आज तो घेर फक्त सुंदर दिसतो.

अर्थ गळून जाऊन केवळ सौंदर्य उरायला किती वर्षे लागतात? इंग्रज वेशभूषा-इतिहासकार जेम्स लेव्हर याने १९३७ सालच्या आपल्या पुस्तकात याचे एक कोष्टकच दिले होते. फॅशन उलटून दहा वर्षे झाली की तोच कपडा हिडीस वाटतो, वीस वर्षांनी हास्यास्पद, तिसाव्या वर्षी गंमतीचा, पन्नास वर्षांनी जुन्या वळणाचा म्हणून मजेदार आणि सत्तर वर्षांनी मोहक. या हिशेबाने १९५०च्या दशकातले कपडे आत्ता नेमके मोहक ठरण्याच्या वयात आहेत. लेव्हरचे कोष्टक हुशारीचे आहे आणि वर्गात मी ते नेहमी फळ्यावर लिहीत असे. पण त्यात एक गृहीत धरलेले आहे, ते मला उशिरा दिसले. कपडा आधी टाकून दिला जातो, असे ते धरून चालते. आईचा ब्लाउज दहाव्या वर्षी हिडीस झाला नाही, कारण दहाव्या वर्षी तो उसवून मोठा करून ती तो घालतच होती. तो 'जुना' झालाच नाही. तो फक्त वापरात राहिला आणि मग विरला.

'रेट्रो' हा शब्द फॅशनमध्ये रुळला तो सत्तरच्या दशकातल्या फ्रान्समध्ये. जानेवारी १९७१ मध्ये ईव्ह सेंट लोराँ याने जर्मनव्याप्त पॅरिसमधल्या, चाळिशीच्या दशकातल्या पोषाखांवरून आपले कपडे बेतले. चौकोनी खांदे, आखूड झगे, जाड तळाच्या चपला. त्यावर मोठा गदारोळ झाला. पन्नाशीच्या पत्रकारांना ते कपडे पाहवेनात, कारण त्या कपड्यांत त्यांनी रांगा, भूक आणि शेजाऱ्यांची फितुरी पाहिली होती. विशीतल्या मुलींना मात्र ते आवडले आणि त्यांनी ते घातले. मला या प्रसंगात रेट्रोची सगळी गोम दिसते. ज्यांना आठवते त्यांना ते नको असते आणि ज्यांना हवे असते त्यांना आठवत नसते. यात तरुणांचा दोष आहे असे नाही. विसरल्याशिवाय काही गोष्टी पुन्हा अंगावर चढवताच येत नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. भाचीच्या मोबाइलमधली निम्मी छायाचित्रे मुंबईच्या सिनेमातली होती, आणि त्या सिनेमाची आकृती घडवणाऱ्यांत एक कोल्हापूरची मुलगी होती. भानू राजोपाध्ये, म्हणजे नंतरच्या भानू अथैया. जन्म १९२९चा. चित्रकलेचे शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. 'ईव्ह्ज वीकली'साठी त्या फॅशनची रेखाटने काढत, मग प्रत्यक्ष कपडे बेतू लागल्या आणि १९५६च्या 'सी.आय.डी.'पासून सिनेमात आल्या. 'गांधी'साठी १९८३ मध्ये मिळालेल्या ऑस्करमुळे त्यांचे नाव सर्वांना ठाऊक झाले. पण माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे काम आधीचे आहे. 'वक्त'मधली (१९६५) साधनाची अंगाबरोबर बसणारी चुडीदार-कमीज त्यांची. 'ब्रह्मचारी'मधली (१९६८) मुमताजची नारिंगी साडीही त्यांचीच.

ती साडी गेली कित्येक वर्षे पार्ट्यांमध्ये, जाहिरातींमध्ये आणि पुरस्कारसोहळ्यांमध्ये पुन्हापुन्हा अवतरते आहे. ती आधीच शिवून तयार केलेली होती, नाचताना निऱ्या सुटू नयेत म्हणून. नेसायची साडी तिथे घालायची झाली. एका विशिष्ट नर्तिकेच्या विशिष्ट अंगावर, एका गाण्यापुरता सोडवलेला तो कारागिरीचा प्रश्न होता. आज त्याच नमुन्याची 'रेडी टू वेअर' साडी स्मॉल, मीडियम, लार्ज अशा तीन मापांत मिळते. प्रश्न विसरला गेला, उत्तर तेवढे दुकानात टांगलेले आहे.

पण नट्यांच्या छायाचित्रांत जी दिसत नाही ती अर्धी गोष्ट त्या काळातल्या घराघरांत घडत होती. 'लव्ह इन सिमला' १९६० साली आला. कपाळावर केस कापून घेतलेली साधना पाहून माझ्या आत्याने स्वतःच्या हाताने, आरशासमोर, पापडाच्या कात्रीने केस कापले आणि आजोबांनी तिच्याशी आठ दिवस अबोला धरला. साधनाचा तो 'कट' ऑड्रे हेपबर्नवरून घेतलेला, आत्याचा साधनावरून. मध्यशतकी फॅशन म्हणजे नकलेची नक्कल होतीच. मात्र ती नक्कल करायला हाताला काही तरी यावे लागे. सिनेमाच्या दुसऱ्या खेळाला आत्या ब्लाउजची मागची बाजू पाहायला गेली होती, हे ती स्वतः सांगत असे. अंधारात पाठीचा गळा किती खोल आहे ते वितींत मनाशी मोजायचे, घरी येऊन वर्तमानपत्रावर बेतायचे, आईच्या मशीनवर शिवायचे. चुकले तर उसवायचे. म्हणून माया सोडायची. नक्कल करणारीला स्वतःच्या अंदाजाचा भरवसा नसे, ती चुकीला जागा ठेवत असे.

आजच्या रेट्रो कपड्यात ही जागा का नाही, याचे एक उत्तर रसायनशाळेतले आहे. १९५८ साली अमेरिकेत ड्युपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत जोसेफ शिव्हर्स याने तो धागा तयार केला जो पुढे लायक्रा म्हणून ओळखला गेला. ज्या दशकाची आपण नक्कल करतो त्याच दशकाच्या अखेरीस, त्या दशकाचे शिवणकाम निकालात काढणारा धागा जन्माला यावा, ही गंमतच. ताणले जाणारे कापड आले की टक्सांचे काम उरत नाही. चार टक्स घालून, कटोरी बेतून, सपाट कापडाला छातीचा गोलावा द्यायचा ही बुद्धीची गोष्ट होती. आता कापड स्वतःच ताणून गोल होते. बाजारातल्या 'स्ट्रेचेबल' ब्लाउजना टक्स असलेच तर शोभेपुरते. मायेचे कामही तो धागाच करतो, दोन-तीन इंच अंग वाढले तरी सामावून घेतो. मी हे तुच्छतेने लिहीत नाही. मीही असे ब्लाउज घालते आणि उन्हाळ्यात देवाचे आभार मानते. पण तो ताण दोन-चार वर्षांत मरतो, आणि मेलेला ताण उसवून मोठा करता येत नाही.

दुसरे उत्तर अंतर्वस्त्रांचे आहे. २००७ साली सुरू झालेल्या 'मॅड मेन' या अमेरिकन मालिकेने साठच्या दशकाच्या आरंभीचे कपडे पुन्हा लोकप्रिय केले. तिची वेशभूषाकार जेनी ब्रायंट नट्यांना आतूनही त्या काळातलीच अंतर्वस्त्रे घालायला लावत असे, कारण त्याशिवाय त्यांची चाल आणि बसण्याची ढब तशी येत नसे. २०११ मध्ये 'बनाना रिपब्लिक' या कंपनीने तिच्याबरोबर त्याच नावाने कपडे बाजारात आणले, तेव्हा ती आतली चिलखते अर्थातच सोबत नव्हती. असू नयेतच. कोकोशानेल १९५४ मध्ये सत्तरीत परत आली ती याच आवळलेल्या कंबरेच्या रागाने, आणि तिचा राग योग्य होता. बाईला श्वास घेता येईल अशा जाकिटांनी तिने दिओरला उत्तर दिले. आता दुकानात दोघांचे कपडे 'व्हिंटेज' या एकाच पाटीखाली शेजारी टांगलेले असतात. त्यांचे भांडण होते हे पाटी सांगत नाही.

तिसरे उत्तर मला सर्वांत जड वाटते. दिओरचे दुकान उभे राहिले ते मार्सेल बूसाक या कापडसम्राटाच्या पैशावर. बूसाकच्या सुती गिरण्या होत्या. बाईच्या स्कर्टाला वीस वार कापड लागावे, यात गिरणीमालकाचा तोटा नव्हता. १९७८ मध्ये बूसाकचे साम्राज्य दिवाळखोरीत गेले. १९८४ मध्ये ते बर्नार आर्नो याच्या हाती आले. त्याने कापडाचा बहुतेक धंदा मोडीत काढला आणि दिओर हे नाव ठेवून घेतले. आज जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत त्याची गणना होते. कापड गेले, आकृती उरली आणि आकृती कापडापेक्षा महाग निघाली.

मुंबईच्या वाचकाला इथे गिरणगाव आठवल्याशिवाय राहणार नाही. आईच्या ट्रंकेतले जवळजवळ सगळे कापड लालबाग-परळ-भायखळ्याच्या परिसरात विणलेले असावे. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तो कधी रीतसर मिटलाच नाही. लोअर परळची फिनिक्स मिल आता मॉल आहे. भाचीने आपल्या छायाचित्रांतला एक तयार झगा तिथे पाहून ठेवला होता, पन्नाशीच्या दशकातल्या घेराचा, पाठीला इलॅस्टिकच्या चुण्या असलेला. मी तो उलटा करून पाहिला. शिवण ओव्हरलॉकची, कापडाच्या काठाला चिकटून. माया एक सूतभरही नाही. दुकानातल्या मुलीने मला विचारले, "मॅम, काही डिफेक्ट आहे का?"

हाताचे काम मात्र मुंबईतून गेलेले नाही. ३० मार्च २०२३ रोजी दिओरने गेटवे ऑफ इंडियासमोर आपले प्रदर्शन भरवले. मागे भलेमोठे तोरण होते, मुंबईच्याच चाणक्य या संस्थेच्या कारागिरांनी भरलेले. त्या वेळची कलासंचालिका मारिया ग्रात्सिया क्युरी हिने दिओरच्या १९४७च्या जाकिटाला बरेच मऊ केले होते, आतला ताठपणा काढला होता, आणि हे मला तिचे खरे काम वाटते. तिने जुनी आकृती आजच्या बाईच्या अंगाला विचारून पुन्हा बेतली. पुनरागमन असे झाले तर माझी तक्रार नाही. इथे मूळ कपडा आतून वाचलेला आहे. बहुतेक ठिकाणी तो फक्त बाहेरून पाहिलेला असतो, तोही छायाचित्रात.

एवढे लिहिल्यावर मला स्वतःला अडवणे भाग आहे. मायेचे मी जे गुणगान चालवले आहे ते भाचीने एका वाक्यात मोडून काढले होते. लोकलमध्ये परतताना मी तिला सुईच्या त्या तीन ओळी कौतुकाने दाखवल्या. ती म्हणाली, "म्हणजे आजीला तू झालीस तरी नवा ब्लाउज मिळाला नाही, आणि आई झाली तरी नाही." मला उत्तर सुचले नाही. १९४३ सालच्या कापड नियंत्रणाच्या दिवसांत वाढलेल्या पिढीने टंचाईतून ही सवय लावून घेतली होती, तिच्यात प्रेम होते असे मानायला पुरावा काय? शिवाय त्या राखीव बोटभर कापडात एक भाकीतही दडलेले असे. ही मुलगी लग्नानंतर सुटणार, बाळंतपणे होणार, आणि तरी याच ब्लाउजात राहणार, हे शिंप्याने तिच्या एकोणिसाव्या वर्षीच ठरवून टाकलेले असे. आईला कधी कोणी विचारले होते का? भाचीच्या पिढीने ते भाकीत नाकारले, आणि आकृती तेवढी ठेवली. हे केवळ उथळ आहे असे मी आता म्हणणार नाही. आजीचा गळा आणि बाही घ्यायची, आजीचे नशीब घ्यायचे नाही, अशी निवड आईला करता आली असती तर तिनेही केली असती असे मला वाटते.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. निवडण्यासाठी आधी सगळे समोर असावे लागते. छायाचित्रात उलटी बाजू येत नाही. म्हणून पुढच्या आठवड्यात मास्तरांकडे माप द्यायला गेलो तेव्हा मी त्यांना म्हटले, "मास्तर, जरा हिला उसवून दाखवा."

त्यांनी ब्लेडच्या टोकाने काखेपासून चार बोटे टीप उसवली आणि घडी उलगडली. आतले कापड गुलाबी नव्हतेच. ते झगझगीत राणी रंगाचे होते, जसे दुकानातून आणले तसे. सत्तर वर्षांत त्याला ऊन लागले नव्हते, साबण मात्र शेकडो वेळा लागला होता, तरी रंग टिकला होता. ज्याला आम्ही दोघी 'जुना गुलाबी' म्हणत होतो, भाचीच्या छायाचित्रांत जो सगळीकडे होता, जो आजकाल विटका रंगवून मुद्दाम महाग विकतात, तो आईने निवडलेला रंगच नव्हता. एकोणीस वर्षांच्या आईने, पाहुण्यांनी भरलेल्या घरात, हा भडक राणी रंग मागून घेतला होता. आई गेली त्याला अकरा वर्षे झाली. तिने असे काही मागून घेतल्याचे मी कधी पाहिले नव्हते.

भाचीने वाकून पाहिले. "बापरे, आजी एवढं भडक घालायची?" मग हसली, बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिली. मास्तर वही उघडून थांबले होते.

"रंग कोणता लिहू? बाहेरचा की आतला?"

"बाहेरचाच," ती म्हणाली. "माझ्या साडीला तो नाही जाणार."

मास्तरांनी लिहून घेतले. मग पेन्सिल कानावर ठेवत माझ्याकडे न बघता तिलाच विचारले, "आणि माया किती सोडू, बेटा?"